हळदीचा अंगठा

मिरची भाजून झाली, धने, खोबरं झालं आणि शेवंताक्कांचा हात कढईवरच थांबला. एवढं कुणीही भाजतं. पुढं काय घालायचं, ते आठवेना.

"हेमलता, कृती उघड गं जरा," त्या धाकट्या जावेला म्हणाल्या.

मसाल्याच्या कारखान्याची कागदपत्रं ठेवायला सॉफ्टवेअर अक्कांनीच निवडलं होतं. तीन कंपन्यांची माणसं आली. दोघांची सॉफ्टवेअरं नुसते कागद ठेवायची. तिसऱ्याचं सॉफ्टवेअर ठेवलेली गोष्ट माणसाच्या डोक्यातूनही काढून घ्यायचं; लागेल तेव्हा फक्त मालकानं उघडायची. गुपित फुटायची भीतीच नको, म्हणून अक्कांना तेच पटलं. नवा डंका घेताना त्या घरचीच मिरची कुटून बघायच्या, तशी चाचणीलाही त्यांनी खरीच कृती सांगितली.

मालकाचा अंगठा लावायची वेळ आली, तर त्यांचा हळदीनं माखलेला. यंत्र घेईना.

"राहू दे अक्का, मी लावते. घर एकच ना आपलं," हेमलता म्हणाली होती.

आता तिनं मान वर केली नाही. "कृती माझ्या नावावर आहे, अक्का. भाजायला उद्यापासून माणसं येतील. तुम्ही पाकिटं भरा."

"अगं, माझ्या आईचा मसाला तो."

"असेल. काय काय पडतं त्यात, सांगा बघू."

अक्कांनी बोटं नाकाशी नेली. वास आईच्या हाताचाच होता. कशाचा, ते मात्र सांगता येईना.