पत्रकातल्या सात ओळी

“दोन ओळी पुरेत,” मोठ्या बाई म्हणाल्या आणि लाल पेनानं बाकीच्या पाच ओळींवर काट मारली.

नवी टायपिस्ट बघतच राहिली. शाळेचे कारकून आजारी पडले म्हणून तिला सत्राच्या शेवटच्या पाच दिवसांपुरतं बोलावलं होतं. त्यातला हा पाचवा. एवढ्या दिवसांत तिला दोनच गोष्टी कळल्या होत्या. मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, आणि त्या खोलीत शिरल्या की शिक्षकांच्या गप्पा बंद पडतात.

सत्राखेरचं पत्रक आज मुलांच्या दप्तरांत जायचं होतं. चौथीनं जिंकलेली शर्यत, वाचनालयात आलेली साठ पुस्तकं, अंगणातला गळका नळ अखेर दुरुस्त. शिपाईमामांच्या मते बातमी म्हणावी तर ही शेवटचीच. मग पुढच्या सत्रातले कार्यक्रम: दातांची तपासणी, चित्रांचं प्रदर्शन, क्रीडादिन, पालकसभा. मग न नेलेल्या वस्तू: सात पाण्याच्या बाटल्या, दोन चष्मे आणि डाव्या पायाचे तीन बूट.

आणि तिसरीच्या बाईंनी लिहून दिलेल्या या सात ओळी.

त्या ओळी भिंगरीबद्दल होत्या. तिसरीतली मुलगी. एका जागी टिकायची नाही म्हणून सगळी शाळा तिला भिंगरी म्हणायची. दोन महिन्यांपूर्वी तापानं तीन दिवसांत गेली. वर्गानं कुंड्यांत वाल पेरले होते, तेव्हा भिंगरीनं सगळ्यांच्या रोपांना मायेनं इतकं पाणी घातलं, की निम्मी कुजली. मग तिनं रडत रडत स्वतःचं रोप वर्गाला देऊन टाकलं. तिसरीच्या बाईंनी हे सगळं लिहिलं होतं.

“ती वालाची गोष्ट तरी राहू द्या ना, बाई.”

“पत्रक आहे ते. गोष्टीचं पुस्तक नव्हे.” मोठ्या बाईंचं पेन पुढे सरकलं. “इथे वय आठ लिहिलंय. सात करा. आठ पुरी झाली नव्हती. आणि धावण्यात पहिली नाही, दुसरी आली होती.”

गेलेल्या पोरीचाही नंबर खाली आणायचा! टायपिस्टनं ओठ आवळले.

“आणि हे पहिल्या पानावर नको. शेवटी घ्या.”

“बाटल्या आणि बुटांच्या खाली?”

“पहिलं पान मुलं मोठ्यानं वाचतात.”

टायपिस्टला राहवेना. “तिच्या आईला काय वाटेल हो हे वाचून?”

मोठ्या बाईंनी पेनाला टोपण लावलं. “तिच्या आईला चालेल.”

“ते आपण कसं ठरवणार? माझा भाऊ दुसरीत असताना गेला. शाळेनं त्याचं नावसुद्धा कुठे छापलं नाही. आई अजून म्हणते, माझं लेकरू त्या बाकावर कधी बसलंच नव्हतं की काय?”

मोठ्या बाई खिडकीकडे वळल्या. अंगणात मधल्या सुटीचा गलका चालला होता.

“दोन ओळी,” मग त्या म्हणाल्या. “बारापर्यंत छापून द्या.”

टायपिस्ट तडक तिसरीच्या वर्गावर गेली. “काळीज आहे की दगड? तुमच्या पाच ओळी उडवल्या त्यांनी!”

“हळू बोला,” तिसरीच्या बाई घाईनं म्हणाल्या. “त्यांनी कापल्या ना? मग राहू देत.”

“तुम्ही भांडत का नाही?”

तिसरीच्या बाईंचे डोळे भरून आले. त्या पाठ करून फळा पुसू लागल्या. फळा कोराच होता. इथे सगळेच घाबरतात, टायपिस्टला वाटलं.

टायपिस्टनं मोठ्या बाईंनी सांगितलं तसं पत्रक छापलं. दोनशे चाळीस प्रती. मग आणखी एकच प्रत काढली. तिच्यात सातही ओळी घेतल्या, पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत. वय मात्र सात केलं, आणि नंबर दुसरा. प्रवेशाच्या वहीत मुलीचं नाव, वडिलांचं नाव आणि पत्ता होता. पत्ता तिनं चिठ्ठीवर उतरवला.

शाळा सुटली. मोठ्या बाई फाटकाशी उभ्या राहून एकेका मुलाला नावानं हाक मारत निरोप देत होत्या. शेवटचं मूल गेलं, तशा त्याही गेल्या. यंत्रं झाकून, कपाटं लावून टायपिस्ट निघाली तेव्हा साडेपाच झाले होते. किल्ल्या देताना तिनं शिपाईमामांना चिठ्ठी दाखवून रस्ता विचारला.

मामा चिठ्ठी वाचून थबकले. “इथे कशाला?”

“भिंगरीच्या आईला भेटायचंय.”

“फारसं कुणी जात नाही गं आता त्या घरी. काय बोलावं तेच कळत नाही माणसांना.” त्यांनी चिठ्ठी परत दिली. “तू जा, पोरी. शेवटच्या थांब्यावर उतर, दवाखान्याच्या मागची इमारत.”

बसमध्ये ती वाक्यं जुळवत राहिली. शाळेला विसर पडलेला नाही, हे आधी सांगायचं. मोठ्या बाईंबद्दल चकार शब्द काढायचा नाही. उगाच त्या माउलीच्या जखमेवर मीठ कशाला?

दुसऱ्या मजल्यावर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दार उघडलं.

“मी शाळेतून आलेय,” ती म्हणाली. “भिंगरीच्या आईंना थोडं भेटायचं होतं. त्यांच्यासाठी एक कागद आणलाय.”

आजोबांनी तिच्याकडे, मग तिच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. तिला आत घेऊन खुर्ची पुढे केली.

“सूनबाई,” त्यांनी आत हाक दिली, “भिंगरीच्या आईला भेटायला कुणीतरी आलंय.”

ओले हात पुसत स्वयंपाकघरातून मोठ्या बाई बाहेर आल्या.