डावं वळण

मागच्या मोसमात तो ज्या डाव्या वळणावर पडला होता, नेमकी तिथेच नवी मोटरसायकल दर फेरीला कच खात होती. शर्यती तोंडावर आलेल्या, चाचणीचा आजचा शेवटचा दिवस. सकाळी त्याने नव्या टायरच्या नावाने खडे फोडले. ताईने निमूटपणे टायर बदलून दिले. ताई म्हणजे त्याची सख्खी बहीण, आणि गाडीची मेकॅनिकही तीच. दुपारी सगळा राग नव्या इलेक्ट्रॉनिक्सवर निघाला.

"गाडी जरा घसरतेय असं वाटलं की तुझा तो कॉम्प्युटर परस्पर इंजिनची ताकद कमी करतो," हेल्मेट न काढताच तो म्हणाला. "मला चालवू दे की. काढून टाक ते झेंगट."

ताईने खिशातून बोटाच्या पेराएवढा फ्यूज काढला आणि त्याच्या हातमोज्यावर ठेवला.

"त्याचाच आहे. पहिल्या फेरीनंतरच काढलाय मी."

त्याने फ्यूजकडे पाहिलं. मग ज्या मुठीने तो गाडीचा वेग कमीजास्त करायचा, त्या आपल्या उजव्या मुठीकडे पाहत राहिला.

"हेल्मेट काढ," ताई म्हणाली. "त्या वळणापर्यंत आपण दोघं पायी जाऊन येऊ."