जना दिवसभर नाचला

समुद्रानं गाव गिळलं, तेव्हा नवी जागा हेरायला शेवंतीचा भाऊ जना गेला. मधमाश्या नव्या घराची जागा नाचून सांगतात, त्यावरून बनवलेली पट्टी त्याच्या पायात होती. हेरणाऱ्याला जागा जितकी आवडेल, तितका वेळ ती त्याचे पाय नाचवायची. थापा मारायची सोयच नव्हती.

जना परत आला आणि दिवस मावळेपर्यंत नाचला. अख्खं गाव उठून त्यानं हेरलेल्या माळावर गेलं. तिथं पाण्याचा थेंब लागला नाही. शेवंतीची पोरं तहानेनं रडायला लागली.

“पट्टी बिघडली होती ना रे?” तिनं विचारलं.

“नाही, ताई. माळाच्या मालकानं तिथं मला बंगला कबूल केला होता. मला जागा खरंच आवडली.”

“मेल्या, मधमाशीसुद्धा दुसरीचा नाच बघून आधी स्वतः जागा तपासून येते. आम्ही कुणी गेलो नाही. नाचणारा माझा भाऊ होता ना!”