आधी आवाज बंद

"ऋता, तुझे जनरल रेडी आहेत का?" अतुलने दारातूनच विचारलं. "मला खालच्या फ्लोअरवरून सारखे पेज येतायत, यार."

"दोन मिनिटं," ऋता म्हणाली. दोन मिनिटं ती सकाळपासून म्हणत होती.

ऋता आयसीयूची डॉक्टर, मूळची ठाण्याची. अतुल नागपूरचा, व्हेंटिलेटर लावायचं आणि काढायचं काम त्याचं. अमेरिकेतल्या अर्विंगच्या त्या हॉस्पिटलात दोघांनी मिळून इतक्या जणांचा व्हेंटिलेटर काढला होता, की हल्ली ते झालं की दोघं सरळ कॅफेटेरियात जात. त्यात निर्दयपणा वगैरे काही नव्हता. जेवायची वेळ झालेली असायची, इतकंच.

पलंगावर नसीमबी होत्या. मेंदूत रक्तस्राव झाला होता आणि सगळ्या तपासण्या एकच गोष्ट सांगत होत्या. व्हेंटिलेटर काढायला मुलगी सबा केव्हाच हो म्हणाली होती. घोडं अडलं होतं ते नवऱ्यापाशी. पाकिस्तानी लष्करातले निवृत्त जनरल, डोक्यावर नातवाने दिलेली बेसबॉलची टोपी, खुर्चीत ताठ बसून होते. रडत नव्हते, भांडत नव्हते, सहीही करत नव्हते. रडणारे, भांडणारे ऋताला चालायचे. त्यांच्याशी काय बोलायचं ते तिला पाठ होतं. या माणसापुढे तिची सगळी वाक्यं फुकट जात होती.

"साहेब, आम्ही त्यांना त्रास होऊ देणार नाही," ती पुन्हा म्हणाली. ते उर्दूत बोलत, ती ठाण्याच्या हिंदीत. त्यामुळे काही अडत नव्हतं.

"तुम्ही ऐकलंत?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"खाली कोणी आहे का ते."

ऋताने सबाकडे पाहिलं. "अब्बूंची सगळी नोकरी यातच गेली," सबा थकून म्हणाली. "भूकंप, पूर, दरडी. कुठे काही कोसळलं की यांनाच पाठवायचे."

जनरलनी मान हलवली. दुसऱ्याच कोणाबद्दल बोलणं चाललं असावं, अशी.

"ढिगाऱ्यावर बुलडोझर घालायचा हुकूम माझा असे," ते म्हणाले. "बुलडोझर आला म्हणजे शोध संपला. म्हणून आधी आवाज बंद करायचे. जनरेटर, गाड्या, रडणारी माणसंसुद्धा. मग स्लॅबवर तीनदा ठोकायचं आणि कान लावायचा. काही ऐकू आलं नाही, तर मी टोपी काढून घरच्यांकडे जायचो. सांगायचो, आम्ही ऐकलं, खाली कोणी नाही. हे दुसऱ्या कोणाला सांगू द्यायचो नाही." मग ते म्हणाले, "लोक शुक्रिया म्हणायचे. कशाबद्दल, ते मला कधी कळलं नाही."

व्हेंटिलेटर तेवढा भात्यासारखा चालू होता.

"हे सगळे आवाज बंद करा," जनरल म्हणाले.

ऋताने मॉनिटर म्यूट केला. अतुलने आत येऊन दार लावून घेतलं. कॉरिडॉरमधली फरशी पुसायची गाडी ऐकू येईनाशी झाली.

"तोही." त्यांनी व्हेंटिलेटरकडे बोट दाखवलं.

अतुल मराठीत हळूच म्हणाला, "ऋता, यांना समजतंय ना? हा म्यूट नाही होत. हा बंद म्हणजे बंद."

"साहेब," ऋता म्हणाली, "हे मशीन बंद केलं तर त्या..."

"ठाऊक आहे. मशीन चालू असताना खालचं ऐकू येत नाही, डॉक्टर."

मग त्यांनी सही केली. ऋताने त्रास होऊ नये म्हणून इंजेक्शन दिलं, त्याचा असर होऊ दिला. अतुलने नळी काढली, मशीन थांबवलं. सबाला हुंदका फुटला तसा जनरलनी हात वर केला, आणि तिने ओढणीचा बोळा तोंडात धरला. अतुलच्या खिशातला पेजर थरथरला. त्याने तो मुठीत दाबून धरला.

जनरल पलंगाच्या कठड्याशी वाकले. बोटाच्या पेराने त्यांनी त्यावर तीनदा ठोकलं आणि बायकोच्या ओठांशी कान नेला.

नसीमबींनी एक श्वास घेतला. बऱ्याच वेळाने आणखी एक. नंतर घेतला नाही.

त्यांनी परत ठोकलं. परत ठोकायचं असतं असं काही ते बोलले नव्हते. कान तिथेच ठेवून ते इतका वेळ वाकून राहिले, की अतुलने पुढे होऊन त्यांच्या पाठीला हात लावला.

ते बाजूला झाल्यावर ऋताने स्टेथोस्कोप लावला. डोळे मिटून ऐकलं. मग तो कानातून काढून गळ्यात अडकवला.

जनरलनी टोपी काढली. टोपी हातात घेऊन ते दाराकडे वळले, थबकले, परत फिरले. सबाने आईच्या पायांवर डोकं टेकलं होतं. कोणाकडे जायचं ते त्यांना कळेना. शेवटी ते ऋतासमोर येऊन उभे राहिले.

"घरचा माणूस मीच आहे," ते म्हणाले. "मला सांगा."

अशा वेळी बोलायचं वाक्य ऋताचं ठरलेलं होतं. रोजच्या वापरातलं, सौम्य, मृत्यूच्या वेळेसकट. ते आलं नाही. तिने जनरलच्या हातातल्या टोपीकडे पाहिलं.

"आम्ही ऐकलं, साहेब," ती म्हणाली. "खाली कोणी नाही."

"शुक्रिया," जनरल म्हणाले.