एकच परात

गुरांच्या डॉक्टरांनी कोंबडीचं मेलेलं पिल्लू उलटंसुलटं करून पाहिलं, मान चाचपली आणि धुण्याच्या दगडावर वर्तमानपत्र पसरून पिशवीतून ब्लेड काढलं. सुभद्राबाईंनी तोंड फिरवलं, पण जागच्या हलल्या नाहीत. हे चौथं होतं. आता सहा उरली होती, आणि त्यांतली दोन लंगडत होती.

शेजारच्या चंद्रप्रभाभाभींनी कुंपणावरूनच रानीखेतीची साथ म्हणून निदान करून टाकलं होतं. त्या बाईनं जन्मात कोंबडी पाळलेली नाही, पण सांगायला काय जातंय! त्यांच्या शब्दाखातर सुभद्राबाई चार दिवस पाण्यात लसूण-हळद वाटून घालत होत्या. पिल्लं पाणी प्यायची, दिवसभर प्यायची, आणि डोळे मिटून बसून राहायची. रानीखेत असती तर माना वाकड्या झाल्या असत्या, मोठ्या कोंबड्याही आडव्या झाल्या असत्या, असं डॉक्टर म्हणाले. मोठ्या तर ठणठणीत होत्या, रोज अंडी देत होत्या.

या पिल्लांत बाईंचा जीव अडकला होता. खुडूक कोंबडीखाली दहा अंडी त्यांच्या यजमानांनी, आत्मारामांनी, स्वतः मांडली होती. प्रत्येकावर पेन्सिलीनं तारीख घातली होती. टपाल खात्यात उभी हयात घालवलेला माणूस, तारखेशिवाय त्याचं काही हलायचं नाही. अंडी फुटायच्या आधीच ते वारले. मुलगा उल्हास भोपाळला न्यायला आला, तेव्हा पिल्लं मोठी होऊ देत, मग बघू, असं सांगून बाईंनी त्याला वाटेला लावलं. खरं म्हणजे लखनौमधल्या त्या घरात मराठीत बोलायला त्यांना आता पिल्लंच होती.

खायला काय घालता, असं डॉक्टरांनी विचारलं. बाईंनी मोठ्या अभिमानानं परात दाखवली. मक्याचा भरडा, उरलंसुरलं अन्न, आणि अंड्यांचं कवच टणक व्हावं म्हणून शिंपल्यांचा चुरा आणि चुना, चांगला मूठभर. लहानमोठी सगळी एकाच परातीत.

डॉक्टरांनी त्यांना जवळ बोलावलं. पिल्लाच्या पोटात मूत्रपिंडं सुजली होती आणि त्यांवर खडू फासल्यासारखा पांढरा थर होता.

“बड़ों का चूना बच्चों के गुर्दों में जम गया है, अम्मा. इनका बर्तन अलग कर दीजिए.”

“हमारे घर में किसी का बर्तन अलग नहीं होता.”

अम्मांचा आवाज एकाएकी एवढा कडक का झाला, ते त्या पोरसवदा डॉक्टरांना कळायचं कारण नव्हतं. यवतमाळकडच्या गावात, शाळेत असताना, सुभद्राबाईंच्या ओंजळीत पाणी वरून ओतलं जायचं. आत्मारामांनी दीक्षा घेतली आणि घरात एक कायदा केला: झाडूवाली येवो की साहेब, कप तोच, ताट तेच. कोंबड्यांनाही त्यांनी हाच कायदा लावला होता. वेगळं वाढलेलं बाईंना या घरात बघवलं नसतं.

डॉक्टर हात धुऊन सायकलीपाशी गेले.

“तो फिर ये छह भी जाएँगे,” ते म्हणाले.

जाता जाता त्यांनी टोपलीची युक्ती सांगितली आणि ते गेले.

बाई दगडाशी बसून राहिल्या. म्हणजे चारही आपणच मारली. मायेनं, सगळ्यांना सारखं वाढून. त्या मोठ्यानं रडल्या. ऐकायला घरात कुणी नव्हतं, मग आवाज आवरायचा कुणासाठी?

दुपारी त्यांनी बांबूची मोठी टोपली अंगणात पालथी घातली आणि काठाखाली चार विटा सरकवल्या. फटीतून पिल्लू आत जाईल, कोंबडी जाणार नाही. मग आत ठेवायला भांडं शोधू लागल्या. फुटकी बशी हाताला लागली, ती त्यांनी परत ठेवून दिली. शेवटी फळीवरून आत्मारामांचं ताट काढलं, नाव कोरलेलं. त्यात बिनचुन्याचा दलिया भिजवून आत सरकवला. चार पिल्लं पटकन शिरली. लंगड्या दोघांना त्यांनी हातानं आत सोडलं. मोठी तांबडी कोंबडी फटीत डोकं घालून बघत राहिली.

बाई घरात गेल्या आणि स्वतःचं ताट वाढून घेऊन आल्या. दोन महिने त्या ओट्यापाशी उभ्यानंच दोन घास पोटात ढकलत होत्या. आज त्यांनी टोपलीला लागून भुईवर मांडी घातली, पोळीचा तुकडा मोडला आणि खाली वाकून फटीतून आत पाहिलं.

“वेगळं नाही बसवलं रे तुम्हांला,” त्या म्हणाल्या. “मी पण इथंच जेवते.”