डावी बाजू

"चालताना काही नाही. थांबवली की थरथरते," तेजस्विनी म्हणाली. ती डिचोलीच्या शाळेत शिक्षिका होती आणि रोज सर्वणहून गाडीने यायची. "आत्ताच तर इंजिन उघडून हेड गॅस्केट बदललं. तेव्हापासून हे असं."

गुरुदासने बॉनेट उघडलं. इंजिन चालूच होतं. दोन-चार फेरे नीट जायचे, मग मध्येच अडखळायचं आणि सगळी गाडी हलायची.

"काम कोणी केलं, बाई?"

तेजस्विनी घुटमळली. "महादेवभाऊंनी."

महादेव आणि गुरुदास एकाच खाणीच्या वर्कशॉपमध्ये कामाला होते. खनिजाच्या ट्रकांखाली शेजारी शेजारी पडून दोघांचं तारुण्य गेलं. खाणी बंद झाल्यावर दोघांनी मिळून गॅरेज टाकलं. मग एकदा गिऱ्हाइकांसमोर महादेव हसत म्हणाला, "ह्याने आवळलेला बोल्ट मला पुन्हा आवळून बघावा लागतो." त्याच संध्याकाळी गुरुदासने आपली हत्यारं उचलली. आता दोघांची गॅरेजं गावाच्या दोन टोकांना होती आणि बोलणं बंद होतं.

त्याने कान दिला. कुठून तरी हवा ओढल्याचा बारीक आवाज येत होता. बोटांनी चाचपत तो आवाजापाशी पोचला. व्हॅक्युमचा पाइप नुसता टेकवून ठेवला होता, क्लिप लावलेलीच नव्हती. त्याने ती लावली. आवाज थांबला, थरथर कमी झाली, पण गेली नाही. मग त्याने कॉइलचे प्लग एकेक दाबून पाहिले. टोकाचा प्लग अर्धवट बसलेला होता. तो आत ढकलला, टक् झालं, आणि इंजिन एकदम शांत चालू लागलं.

"म्हणजे त्यांनी घाई केली," तेजस्विनी म्हणाली. "पुन्हा काही मी गाडी त्यांच्याकडे न्यायची नाही."

हे ऐकायची गुरुदासने किती वाट पाहिली होती! त्याला बरं वाटलं. बोलायला शब्दही तयार होते. तेवढ्यात वरच्या कव्हराचा एक बोल्ट त्याच्या बोटाने फिरला. हातानेच. महादेवाने आवळलेला बोल्ट हाताने फिरत होता.

त्याने पाना घेऊन सगळे बोल्ट तपासले. उजवीकडचे जागचे हलेनात. उजवीकडच्या क्लिपांची तोंडं महादेवाच्या सवयीप्रमाणे एकाच दिशेला होती. त्या बाजूचं सगळं पुसून लख्ख केलेलं. सैल होतं ते सगळं डाव्या बाजूला. पाइप डावीकडचा, प्लग डावीकडचा, बोल्टही डावीकडचे. घाई करणारा माणूस कुठेही चुकतो. असा एकाच बाजूला चुकत नाही.

गुरुदासच्या वडिलांना मेंदूचा झटका आला होता, तेव्हा त्यांना डावीकडचं दिसेनासं झालं होतं. आणि दिसत नाही हे त्यांना स्वतःला कळतही नव्हतं. परवा बुधवारच्या बाजारात महादेव अगदी खांद्याला खांदा घासून गेला होता आणि त्याने मानही वळवली नव्हती. गुरुदास दिवसभर मनात जळत राहिला होता. त्या वेळी आपण त्याच्या कुठल्या बाजूला होतो, ते त्याला आत्ता आठवलं.

"घाई नाही केली त्याने," सैल बोल्ट आवळत तो तेजस्विनीला म्हणाला. "गाडी झाली तुमची. निघा तुम्ही." ती निघताच त्याने गॅरेजचं शटर ओढलं.

महादेवाच्या अंगणात त्याची बायको शेवंती मिरच्या वाळत घालत होती. गुरुदासला पाहून ती उभीच राहिली.

"वहिनी, महादेवाचं जेवण कसं आहे?"

प्रश्न ऐकून ती चकित झाली, पण मनात साचलेलं बाहेर आलं. "अर्ध्या ताटाक हातच लावणत नाय. मगे माकाच इचारतत, आज भाजी नाय केलंस? काल दाराच्या चौकटीर खांदो आपटलो. डॉक्टराकडे चला म्हटला तर म्हणतत, माका काय झालांहा?"

"कपडे बदला तुम्ही. लगेच निघायचंय."

महादेव गॅरेजमध्ये एका स्कूटरपाशी उकिडवा बसून वाकला होता. गुरुदास त्याच्या डावीकडे जाऊन उभा राहिला. हात लांबवला तर लागेल इतका जवळ. महादेव काम करत राहिला. गुरुदास खाकरला. महादेवाने मान वर केली, उजवीकडे रस्त्यावर पाहिलं आणि पुन्हा खाली वाकला.

गुरुदास स्कूटरला वळसा घालून दुसऱ्या बाजूला आला.

"अरे!" महादेवाच्या हातातला पाना तसाच राहिला. "तू कधी इलंस?"

"आत्ताच. ऊठ, महादेव. डॉक्टरकडे जायचंय."

महादेवाने भांडणाचा विषय काढला नाही. इतकी वर्षं कुठे होतास, हेही विचारलं नाही. कपड्याला हात पुसत तो ताडकन उठला आणि खिशात किल्ली चाचपू लागला.

"कोणाक बरां नाय? तू घाबरू नको. गाडी मी चालवतंय."