उपग्रहाचं कार्ड

आमच्या बोट-दवाखान्यातल्या संगणकाला नेटची दोन कार्डं आहेत, मोबाइलचं आणि उपग्रहाचं. केरळातल्या वेंबनाड तलावाच्या मध्यावर मोबाइलला रेंज नसते. पण कोडमध्ये उपग्रहाच्या कार्डाचं नाव देऊनही किनाऱ्यावरच्या डॉक्टरांना रिपोर्ट पाठवणारा माझा प्रोग्रॅम तीन दिवस हट्टाने मोबाइलकडेच धावत होता.

"पोरी, रिपोर्ट मी पोहत जाऊन देऊन येऊ का?" नावाडी सुगुणन चेट्टन, म्हणजे आमचे सुगुणनदादा, विचारायचे.

चौथ्या दिवशी सकाळी मी कोडमधली चूक सुधारली. त्याच दिवशी भर तलावात एलियाम्मा नावाच्या पेशंटच्या छातीत कळ आली, आणि तिचा ईसीजी पहिल्यांदाच उपग्रहातून गेला! दहा मिनिटं झाली तरी डॉक्टरांचं उत्तर येईना. शेवटी वैतागून आम्ही बोट किनाऱ्याला पिटाळली.



धक्क्याला लागताच माझ्या मोबाइलवर डॉक्टरांचा अडकलेला मेसेज आला: "ईसीजी मिळाला. आहात तिथेच थांबा, औषध घेऊन मी तलावात येतोय."